आजार पिणारा दगड

वीटकारखान्याच्या शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे टेबलापाशी दगडबाबा लोकांनी आणलेलं एकेक फडकं सोडून आतला फुटका दगड दाखवत होता आणि लोक हात जोडत होते. कारखान्याच्या मातीच्या खाणीत वेटोळं घातलेल्या सापासारखे सोनेरी दगड निघत. बाबा ते आजाऱ्यांना वाटायचा. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून उशाखाली ठेवा, म्हणायचा, फडकं सुकू देऊ नका. काही आठवड्यांनी दगड तडकायचा, भुकटी सुटायची, फडक्याला जळल्यासारखी भोकं पडायची.

"आजार प्यायला बिचारा, नि पोट फुटून मेला," बाबा म्हणाला. "दगडाला दया येते, डॉक्टरला येत नाही."

संग्रहालयात काम करणाऱ्या बाई मागे उभ्या होत्या, त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. पुढच्या बाकावर त्यांची मोठी बहीण बसली होती आणि तिच्या मांडीवर डोकं टाकून भाची धापा टाकत होती. पोर इन्सुलिनवर जगणारी. तिचा दगड परवा फुटला, म्हणजे आजार गेला, असं धरून आईने कालपासून सुई बंद केली होती. भाचीने चोरून फोन केला, तशा बाई संग्रहालयाच्या कपाटातला एक खोका उचलून तडक आल्या होत्या.

"ताई, ऊठ. दवाखान्यात चल."

"बाबा म्हणतात, आजार जाताना असाच त्रास देतो. तू मध्ये पडू नकोस गं."

बाई टेबलापाशी गेल्या आणि खोका उघडला. आत तसाच दगड, तडकलेला. खोक्याचा तळ खाल्ला गेला होता.

"हाही याच खाणीतला. माझ्या कपाटात बंद होता, पावसाळ्यात आत ओल शिरली. कपाटाला कुठला आजार होता, बाबा?"

"दृष्ट लागली असेल कपाटाला."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हा साप नाही," बाई लोकांकडे वळल्या. "डायनासोर होते त्या काळी इथे समुद्र होता. त्यातला हा शंखातला जीव मरून गाळात रुतला. त्याच्या शंखात लोखंड आणि गंधक साचून हा पिवळा दगड झाला. ओल आणि हवा लागली की त्यातून आम्ल तयार होतं. तेच दगड फोडतं, तेच फडकं जाळतं. आता कळलं, हा फडकं सुकू का देत नाही ते?"

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. ताईने खोक्यातल्या दगडाकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि तिला उचलून घेतलं.

"घाई करू नका, दगड रुसेल," बाबा म्हणाला.

"रुसू दे मेल्याला," ताई म्हणाली.

पोर वाचली. आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ताई भिंतीला डोकं टेकून रडली. पण त्या शेडमध्ये आणखीही बाक होते, त्यांवर आणखीही आजारी होते, आणि दुसरा बाबा दुसरा दगड घेऊन उद्या येईलच. तो औषध बंद करा म्हणाला, तर त्याच्या पाया पडण्याआधी एवढंच विचारा: तुझा दगड कोरड्या फडक्यात का फुटत नाही?