पांढरा घोडा रडतो तेव्हा

सकाळी नऊ वाजताच रांग बागेच्या फाटकाबाहेर गेली होती. कडेवर पोरं, हातात रिकाम्या बाटल्या, कुणाच्या मुठीत नुसता कापसाचा बोळा. बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये शंभर वर्षांपूर्वीचं मेरी-गो-राउंड दुरुस्तीसाठी उभं होतं, आणि त्यातला पांढरा लाकडी घोडा म्हणे रडत होता!

घोड्याशेजारी टिपूसबाबा ठाण मांडून बसला होता. वर्षापूर्वी हाच गृहस्थ बाजारात केस वाढवायचं तेल विकायचा. तेव्हाही त्याला टक्कल होतं, आताही आहे. त्याने बोट वर केलं की शिष्य घोड्याच्या तोंडासमोरचा मोठा दिवा लावायचा.

"या मुक्या जिवानं शंभर वर्षं लेकरांना पाठीवर घेतलं," बाबा डोळे मिटून सांगायचा. "आता त्यांची दुखणी तो डोळ्यांवाटे काढतोय. एक थेंब कपाळाला लावा आणि औषधं गटारात ओता. घोडा विचारतोय, विश्वास माझ्यावर की बाटलीवर?"

लाकडी घोडा विचारतोय! आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं माना डोलावत होती. दहा मिनिटांत घोड्याच्या काचेच्या डोळ्याखालून पिवळसर टिपूस ओघळला आणि शेडमध्ये एकच गलका झाला.

गर्दीच्या मागे मिस्त्री उभे होते. ही घोड्यांची चक्री त्यांनीच दुरुस्तीला घेतली होती. त्या टिपसाचा वास त्यांना दारातूनच आला. जवसाचं तेल आणि मेण.

असला घोडा आतून पोकळ असतो. लाकूड भेगाळलं की पोटाची फळी खोलायची, आतून तेलाचा हात द्यायचा आणि दीड महिना सावलीत वाळवायचं, ही मिस्त्रींच्या वडिलांची शिस्त. पण बागेच्या समितीला उद्घाटनाची घाई. तेरा घोडे मिस्त्रींनी नीट केले. चौदाव्या, म्हणजे या पांढऱ्या घोड्याच्या अयाळीखाली मात्र भोक पाडलं, गरम तेल-मेण आत ओतलं, खुंटी ठोकली आणि वरून रंग फासला. उभ्या आयुष्यातली पहिली लबाडी.

पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण जो तो म्हणायला लागला, "मिस्त्री, तुमच्या हातात जादू आहे हो!" आणि मिस्त्रींची जीभ टाळ्याला चिकटली. बोलायचं म्हणजे आपलाच चुकारपणा चव्हाट्यावर मांडायचा. चार दिवसांत लोक विसरतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. लोक कसले विसरतात! आज आठवा दिवस होता.

तेवढ्यात शेजारीण धापा टाकत आली. "मिस्त्री, आधी दवाखान्यात चला. चिमणीला फीट आली."

चिमणी म्हणजे त्यांची सात वर्षांची नात. दोन वर्षांत तिला एकही फीट आली नव्हती. आज पायरीवरून कोसळली आणि कपाळ फुटलं.

"गोळ्या चालू आहेत ना?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारलं.

सुनेने मान खाली घातली. "पाच दिवस बंद आहेत. घोड्याचा टिपूस लावतेय."

"अहो, या गोळ्या अशा एकदम तोडल्या तर जिवावर बेततं! तुमचं नशीब, वेळेत आणलंत."

मिस्त्री तडक शेडवर आले आणि गर्दीतून वाट काढत थेट घोड्यापाशी गेले. "तो दिवा विझवा."

"नास्तिकापुढे घोडा रडत नाही," बाबा फिस्कारला.

"मग तुमच्यापुढे रडू दे. मी बाहेर उभा राहतो. फक्त दिवा नको."

"दिवा म्हणजे भक्तांचा भाव आहे, मूर्खा!"

"भाव तर आमच्या मनात आहे ना, महाराज?" रांगेतली एक बाई म्हणाली. "मग विझवून बघू या की."

दिवा विझला. अर्धा तास गेला. घोड्याचा डोळा ठणठणीत कोरडा.

मिस्त्रींनी पकडीने अयाळीखालची खुंटी उपटली आणि आत चमचा घालून थिजलेला पिवळा गोळा बाहेर काढला. दिवा लावून चमचा त्यासमोर धरला. गोळा विरघळला आणि थेंब थेंब गळू लागला.

"हे तेल-मेण आहे. गार असलं की थिजतं, दिव्यानं पातळ होतं आणि डोळ्याच्या फटीतून गळतं. मीच ओतलं, आळसापायी."

"पण माझ्या बाळाचा ताप उतरला ना?" एक आई कळवळून म्हणाली.

"ताई, साधा ताप तीन-चार दिवसांत आपणहून उतरतो. माझ्या नातीची फीट मात्र आपणहून थांबली नाही."

बाबाची जागा केव्हाच रिकामी झाली होती. तरी चार-पाच जणांनी खाली सांडलेलं तेल कापसाने टिपून नेलंच.

संध्याकाळी मिस्त्री दवाखान्यात गेले. चिमणी पट्टी बांधून झोपली होती. बातमी सुनेच्या कानावर आली होती.

"अण्णा, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मी रोज तुमच्या देखत तिच्या कपाळाला लावत होते."

"गोळ्या बंद केल्यास, हे ठाऊक नव्हतं गं," असं मिस्त्रींच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. गोळी द्यायची वेळ झाली तेव्हा त्यांनी हात पुढे केला. सुनेने गोळी त्यांच्या हातात दिली नाही, स्वतःच भरवली.

माणसांनो, बाबा लबाड होता, यात वाद नाही. पण त्याचं दुकान चाललं ते वास ओळखूनही गप्प बसलेल्या एका जाणत्या माणसामुळे. चमत्कार दिसला की आधी दिवा विझवून बघा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेकराची गोळी तोडू नका. आणि तुम्हाला खरं ठाऊक असेल, तर आपली चूक उघडी पडली तरी चालेल, पण पहिल्याच दिवशी सांगा.