अकराव्या अटीखालची कोरी जागा

पीडीएफ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सिद्धाराम अण्णांचं मत होतं, आणि अण्णांचं मत म्हणजे सोसायटीचा ठराव. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत ते सलग तिसऱ्यांदा चेअरमन झाले होते. कुणी काही विचारलं की मोबाइल पुढं करायचे आणि म्हणायचे, "पीडीएफमध्ये हाय का? न्हाय न्हवं? मग विषय संपला."

गुरुवारी सकाळी हेच अण्णा अक्कलकोट रस्त्यावर महानंदाच्या टायपिंगच्या दुकानात आले आणि त्यांनी तिला सोसायटीच्या मूळ अटींची पीडीएफ पाठवली. बावीस पानं होती.

"ह्याचं वर्ड करून दे. तारखा अन् नावं तेवढी बदलायची हायत. रविवारच्या सभेत मंजूर करून घेतो."

"मूळ फाइल असंल की सोसायटीकडं, अण्णा."

"जुना सेक्रेटरी वारला अन् त्याचा कॉम्प्युटर पोरांनी भंगारात घातला. आता हेच काय ते हाय."

रविवारची सभा कशासाठी आहे हे वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याची शेड होती. तिथं रंभाबाई विडी वळणाऱ्या बायांची चौदा लेकरं सांभाळायची. ती जागा मोकळी करून अण्णांना तिथं दुकानगाळे काढायचे होते. रंभाबाई मात्र भेटेल त्याला सांगत सुटली होती, "त्या जागेचं कागदात लिवलंय. आंगठा घेताना आमाला वाचून दाखिवलं हुतं. बायांना इचारल्याबिगर ती कुणाला देता येत न्हाय."

"दाखव की कुटं लिवलंय," असं अण्णा म्हणायचे आणि माणसं हसायची. रंभाबाईला अक्षरओळख नव्हती. म्हणून दिवाळीआधी ती महानंदाकडे आली होती. महानंदाची आई आणि ती एकाच कारखान्यात विड्या वळत म्हाताऱ्या झालेल्या. महानंदानं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अण्णांनी टाकलेली पीडीएफ उघडून बावीसच्या बावीस पानं बघितली आणि सांगितलं, "न्हाय हो मावशी, ह्यात काय न्हाय." रंभाबाईनं चहाही घेतला नाही, पदर डोक्यावर ओढला आणि गेली. त्यानंतर ती महानंदाच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. महानंदाला ते लागलं होतं, पण कागदात नाही ते नाही, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

आता मराठी पीडीएफचं वर्ड करणं म्हणजे बटण दाबलं आणि झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. वेलांट्या पळून शेजारच्या अक्षरावर बसतात, जोडाक्षरं फुटतात, ओळ मधेच तुटते. म्हणून महानंदाची पद्धत ठरलेली होती. आधी पीडीएफचा प्रिंट काढायचा, तो डाव्या हाताला ठेवायचा, ओळीखाली फूटपट्टी लावायची आणि पडद्यावरची एकेक ओळ कागदाशी ताडून दुरुस्त करायची. दुकानावरून जाणारे हसायचे, कॉम्प्युटर घेतला तरी बाईची फूटपट्टी सुटली नाही म्हणायचे. खुशाल हसू देत. त्या फूटपट्टीनं वीस वर्षांत तिला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

नवव्या पानावर पट्टी थांबली. कागदावर अकरावी अट दोन ओळींत संपत होती, मग थोडी कोरी जागा आणि त्याखाली बारावी अट. पडद्यावर मात्र अकराव्या अटीखाली आणखी चार ओळी होत्या. काने-मात्रे विस्कटलेले, पण वाचता येत होतं. तिनं एकेक अक्षर जागेवर बसवलं आणि सगळं नीट वाचलं. मग ती खुर्चीत मागं टेकली. रंभाबाईचं तेव्हाचं तोंड तिला आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

काय झालं असेल हे कळायला तिला वेळ लागला नाही. अण्णा आयुष्यभर विडी कारखान्यात कारकून होते. व्हाइटनरची बाटली त्यांच्या खिशात पेनाच्या आधी असायची. अक्षरावर पांढरं फिरवलं की अक्षर मेलं, ही त्यांची श्रद्धा. मोबाइलमध्येही त्यांनी तेच केलं होतं, अटीवर पांढरी पट्टी ओढली आणि फाइल ग्रुपवर टाकली. पट्टीखाली अक्षरं जिवंतच राहतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी अण्णा फाइल न्यायला आले तेव्हा महानंदानं पडदा त्यांच्याकडं वळवला.

"अण्णा, ह्या चार ओळी तुमच्या पीडीएफमध्ये हायत. वरनं पांढरं मारलंय."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "जुनं असंल कायतरी. काढून टाक."

"मी काढत न्हाय. जे आत हाय ते उतरवून द्यायचं, एवढंच माझं काम."

"हा गाळा माझ्या मेव्हण्याचा हाय. ध्यानात हाय न्हवं?"

महानंदाची वीस वर्षं ह्याच गाळ्यात गेली होती. पण मिंधेपणाचाही एक दिवस कंटाळा येतो, आणि तिचा तो दिवस आला होता.

"लई चांगलं ध्यानात हाय," ती म्हणाली. "त्यास्नी माझा नमस्कार सांगा."

रविवारी टाकीखाली सतरंज्या पडल्या. अण्णा विषय वाचायला लागले तशी महानंदा उठली आणि म्हणाली की अकराव्या अटीतला मजकूर झाकलेला आहे, वर्डमध्ये तो पुरा आलाय. अण्णा ह्याचीच वाट बघत असावेत.

"वर्डमध्ये कुणीबी कायबी टाइप करतंय," ते सभेकडे बघून म्हणाले. "उद्या म्हणशील टाकी तुझ्या नावावर हाय. पीडीएफमध्ये दाखव."

"तेच दाखवायला आलेय. वर्डचा कागद मी आणलेलाच न्हाय. सगळ्यांनी मोबाइल काढा. अण्णांनी ग्रुपवर टाकलेली फाइल उघडा. पान नऊ. अकराव्या अटीखाली कोरी जागा दिसंल, तिच्यावर बोट दाबून धरा."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. विडी वळणाऱ्या पायलचं लेकरू रंभाबाईच्या मांडीवर होतं, त्यामुळे तिचे हात मोकळे होते. तिनं बोट दाबलं. कोऱ्या जागेवर निळा रंग पसरला. महानंदानं सांगितलं तसं तिनं ते कॉपी करून ग्रुपवर टाकलं आणि पन्नासेक मोबाइल एकदम वाजले. एक अण्णांच्या खिशातही वाजला.

पायल मोठ्यानं वाचायला लागली. "टाकीशेजारील भूखंड पाळणाघरासाठी राखीव असून... दोन... दोन तृ..." अक्षरं फुटलेली होती. ती अडकली.

"दोन तृतीयांश महिला सभासदांच्या लेखी संमतीशिवाय," मागून आवाज आला, "तो विक्रीने, भाड्याने अथवा अन्य मार्गाने कोणासही देता येणार नाही."

रंभाबाई बसल्या जागेवरून बोलत होती. तिच्या हातात मोबाइल नव्हता, होतं ते लेकरू. तेरा वर्षांपूर्वी अंगठा देताना एकदा ऐकलेलं तिनं सांडू दिलं नव्हतं. महानंदा शब्दन् शब्द मोबाइलच्या पडद्यावर ताडत होती. कुठंही फरक पडला नाही. कुणी हसलं नाही.

अण्णांनी कागद गोळा केले. "बरं, हा विषय पुढच्या सभेत घिऊ," म्हणत ते उठायला लागले.

"बसा चेअरमन," रंभाबाई म्हणाली. लेकरू तिनं महानंदाच्या हातात दिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. "कागदात लिवलंय त्ये अजून ऱ्हायलंय. बायांना इचारायचं हाय."