'पंगत' हा शब्द राहू द्या

"केटरर लिहू नका, बाई. त्यो शब्द आदी खोडा."

तात्यारावांनी टेबलावर बोट आपटलं आणि राजेश्रीने की-बोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. सकाळपासून एका दातांच्या दवाखान्यासाठी आणि एका बोअरवेलवाल्यासाठी शब्द शोधून तिची मान आखडून गेली होती. त्यात जेवणाची वेळ टळलेली. आणि आता हे ताडकळसचे म्हातारे आचारी, टोपी मांडीवर घेऊन, पंख्याखाली ठाण मांडून बसलेले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

"तात्या, लोक तेच शोधतेत," ती म्हणाली. "लग्न ठरलं की पोरं मोबाईलवर 'केटरर' लिहितेत. 'आचारी' कोण लिहितंय आता?"

"केटरर म्हंजे हातात ताट घिऊन उभ्यानं चरायचं. जनावरं बी दावणीला बरी खातेत त्याच्यापरीस. आमी तसलं न्हाई करीत. आमची पंगत असती. माणूस मांडी घालून बसंल, आमी वाकून वाढू. लिहा 'पंगत'."

राजेश्रीला हसू आलं, पण तेही थकलेलंच. तिने 'पंगत' लिहून पाहिलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा. अख्ख्या जिल्ह्यात हा शब्द कोणी शोधतच नाही. एक माणूस नाही."

"न्हाई तर न्हाई. त्याला काय पैसे पडतेत का?"

"कोणी शोधलंच नाही तर कशाचे पैसे?"

"मंग राहू द्या की. बिनपैशाचा पाहुना हाय, पडून ऱ्हाईल कोपऱ्यात."

तिने राहू दिला. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालायला अंगात त्राण लागतं, आणि ते तिच्यात उरलं नव्हतं.

परभणीत स्टेशन रोडला एका छापखान्याच्या मागच्या खोलीत हे ऑफिस होतं. याच खोलीत राजेश्रीने वीसेक वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या. 'भोजनाचा लाभ घ्यावा' ही ओळ तिने इतक्या वेळा टाईप केली होती की झोपेतही बोटं हलायची. पुढे पत्रिका मोबाईलवर फिरू लागल्या, मशीन भंगारात गेलं आणि मालक धम्मानंद म्हणाला, "ताई, आता हे शिका, नाहीतर दोघंही घरी बसू." घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं. नवरा पुण्यात कुठल्याशा कंपनीत वॉचमन, सणासुदीलाच यायचा. मग ती शिकली. रोज पिंगळीहून सकाळच्या गाडीने यायचं, लोकांसाठी शब्द शोधायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं.

काम ऐकायला सोपं. मोबाईलवर कोणी काही शोधलं की वरती जाहिराती दिसतात. त्या कोणत्या शब्दाला दिसाव्यात ते ठरवायचं. पण शब्दांचाही बाजार भरतो, आणि त्यात कापसासारखी बोली लागते. 'केटरर' या शब्दावर शहरातल्या मोठमोठ्या लॉनवाल्यांनी बोली चढवून ठेवलेली. तात्याराव हो म्हणाले असते तरी तो शब्द त्यांना झेपला नसता. त्यांच्या ऐपतीत बसणारे शब्द म्हणजे 'आचारी', 'लग्नाचा स्वयंपाक', 'ताडकळस आचारी'. एवढेच.

"नीट ऐका," ती म्हणाली. गिऱ्हाईकाला सांगायचं ते ती आता पाठ म्हणावं तसं सांगायची. "तुमच्या जाहिरातीवर कोणी बोट दाबलं की तुमचे पैसे कटतेत. रोजचे ठरलेले संपले की जाहिरात त्या दिवसापुरती बंद. आणि लोक ज्या जाहिरातीवर जास्त दाबतेत तिला कंपनी वर दाखवती. समजलं का?"

"समजलं की. दाबलं की वर जाती."

"आणि जाहिरात दिवाळीच्या तोंडावरच कशाला? तुळशीच्या लग्नानंतर करा. तेव्हा मागणी असती."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. टोपी या मांडीवरून त्या मांडीवर गेली.

"तवर उशीर हुईल, बाई. रामहरीनं, माझ्या पोरानं, मुकादमाची उचल घेतलीय. भाऊबीज झाली की ट्रॅक्टर येनार. त्यो अन सून बबिता, दोघं बी ऊस तोडायला जायलेत. लेकरू लहान हाय, ते बी संगं. उचलीच्या पैशाला अजून हात लावला न्हाई त्यानं. म्हनतो, 'आबा, चार लग्नाच्या ऑर्डरी आल्या तर वापस करतो, तुमच्या भट्टीवर ऱ्हातो.' चारच, बाई. पुरी लाटायला बबितासारखी बाई न्हाई पंचक्रोशीत. तिच्या हातात कोयता द्यायचा का?"

गिऱ्हाइकांची दुःखं घरी न्यायची नाहीत, असं राजेश्रीने ठरवून टाकलं होतं. पण संध्याकाळी गाडीत खिडकीपाशी बसल्यावर बबिता नावाची न पाहिलेली बाई तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

दसरा झाला आणि जाहिरात सुरू झाली. लगेच दिवाळीची गर्दी उसळली. कापडवाले, सराफ, मोबाईलवाले, सगळ्यांना आपलंच आधी व्हायला हवं होतं. राजेश्रीला जेवायला फुरसत नव्हती, तिथं ताडकळसच्या आचाऱ्याकडे कोण बघतंय? एकदा तिने वरवर पाहिलं. लोक दाबत होते, म्हणजे चाललंय बरं, असं म्हणून तिने पान बंद केलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं आणि मग तिने नीट पाहिलं. पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

रोजचे पैसे रोज सकाळीच उडून जात होते. दहाच्या ठोक्याला जाहिरात बंद. परभणीत, पूर्णेत कोणाला ती दिसलीच नव्हती. सगळी बोटं एकाच गावातली, एकाच शब्दावर पडलेली: 'ताडकळस आचारी'. गंमत म्हणजे दाबणारे सगळे वेगवेगळे होते. अहो, एका गावात रोज सकाळी इतकी लग्नं ठरतात की काय?

तिने आधी जाहिरात थांबवली. मग तात्यारावांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला गेला.

"बोला मालक! कवाची तारीख हाय?"

"तात्या, मी राजेश्री. परभणीहून."

"हां हां, बाई! थांबा, स्पीकर लावतो. पारावरच हावोत समदे." आणि मग अभिमानाने फुललेला आवाज आला, "तुमी म्हनला व्हता ना, दाबलं की वर जाती? समद्या गावाला सांगितलं. रोज सकाळी चहा झाला की समदे पारावर बसून दाबायलेत. मतदानावानी! बन्सीधर तर घरातल्या चारी मोबाईलवरून दाबतो."

मागून कोणीतरी ओरडलं, "म्याडम, तात्याच्या हातचं खाल्लंय आमी! आमच्या समद्यांच्या लग्नाची बुंदी त्यानंच पाडलीय. बोट दाबायला काय जातंय?" आणि पारावर हशा पिकला.

हसावं की रडावं! माणसं खाल्ल्या अन्नाला जागली होती. त्या जागण्यानेच म्हाताऱ्याचे पैसे गिळले होते. आता हे स्पीकरवर, त्या हसण्याच्या मधोमध, कसं सांगायचं?

"तात्या," ती म्हणाली, "उद्या मी तिकडं येते."

दुसऱ्या दिवशी ती एसटीने ताडकळसला उतरली तेव्हा गावाबाहेर ट्रॅक्टर उभाच होता. ट्रॉलीत पेट्या, चुलीचे पत्रे, गोधड्या, पाण्याचे ड्रम. कोणी कोंबड्या बांधल्या होत्या. बबिता ट्रॉलीच्या कडेला बसली होती, मांडीवर लेकरू. राजेश्रीने तिला नाव न विचारताच ओळखलं, कारण तिच्या गाठोड्यातून पोळपाटाची कड बाहेर डोकावत होती. तोडीच्या खोपीत भाकरी थापायच्या, पोळपाटाचं काय काम? पण घेतला होता.

रामहरी बापाच्या पाया पडला. "आबा, चैतात येतो. भट्टी झाकून ठिवा."

"जा बाबा. लेकराला उन्हात नका ठिवू."

मुकादमाने हॉर्न मारला. ट्रॅक्टर निघाला. तात्याराव धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभे राहिले, मग राजेश्रीकडे वळून म्हणाले, "चला घरी. उपाशी आला आसताल."

घराच्या अंगणात भली मोठी कढई पालथी घातलेली होती. राजेश्री ओट्यावर बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दाबणं म्हणजे मतदान नव्हे. प्रत्येक बोटाला पैसे कटत होते. सकाळी गाव दाबायचं, आणि दिवसभर ज्यांच्या घरी खरंच लग्न होतं त्यांना जाहिरात दिसायचीच नाही.

"मी दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या, तात्या. नीट फोड करून सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "थोडे पैसे उरलेत. तेवढे परत करते."

तात्यारावांनी कढईवरची धूळ हाताने पुसली. तिला वाटलं, आता हा माणूस चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. पण ते इतकंच म्हणाले, "पंगतीत आग्रह लय झाला तर माणूस आजारी पडतं, तसं झालं म्हना."

मग जवळ सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, एक करा. हे गावात नका बोलू."

"का हो?"

"मायेनं केलंय त्यायनी. त्यायला कळलं की आपल्यामुळं रामहरी गेला, तर बन्सीधर तर अन्न गोड लागू द्यायचा न्हाई स्वतःला. माझं जे व्हायचं ते झालं. त्यायला कशाला?"

राजेश्रीने मान डोलावली.

तात्यारावांनी तिला जेवल्याशिवाय हलू दिलं नाही. चटई अंथरली, पत्रावळ मांडली, पाण्याचा शिंतोडा मारला. येसर आमटी, भात, वांग्याची भाजी. एकटीच जेवणारी बाई, पण म्हातारा कमरेत वाकून भांडं घेऊन यायचा, वाढायचा, परत जायचा, परत यायचा. "सावकाश होऊ द्या," म्हणायचा, लांबवर ऐकू जावं अशा आवाजात. इतकं गरम, इतकं निवांत राजेश्री कित्येक दिवसांत जेवली नव्हती.

एसटीपर्यंत सोडायला ते सोबत आले. वाटेत पार लागला. पारावरची माणसं मोबाईल उंचावून उभी राहिली.

"म्याडम, आज जाहिरात दिसंना की! बंद पडली का?" बन्सीधरने विचारलं.

राजेश्री काही बोलायच्या आत तात्यारावच पुढे झाले. "म्याच बंद करा म्हनलं. बास झालं दाबनं! ऑर्डरीच इतक्या आल्या, आता हुईना माझ्याच्यानं."

पार खूश झाला. कोणी टाळी दिली, कोणी "बघा, म्हनलं नव्हतं का!" म्हणालं. बन्सीधरने मात्र कपाळाला आठी घातली. "मंग तात्या, रामहरीला कशाला धाडलं?"

म्हातारा टोपी नीट करत म्हणाला, "मुकादमाला शब्द दिला व्हता त्यानं. शब्द मोडावा का?"

"न्हाई न्हाई, खरं हाय ते," पारावरचे सगळे म्हणाले.

राजेश्री एसटीत बसली. खिडकीतून तिने पाहिलं, तात्याराव अजून लोकांमध्ये उभे राहून हात हलवत काहीतरी सांगत होते, बहुतेक न आलेल्या लग्नांतला स्वयंपाक.

ऑफिसात धम्मानंद म्हणाला, "ताई, त्या आचाऱ्याचं खातं बंद करून टाका. उगीच कशाला पडून?"

"करते," ती म्हणाली.

तिने शब्द एकेक करून काढले. 'आचारी' काढला. 'लग्नाचा स्वयंपाक' काढला. 'ताडकळस आचारी' काढताना बोट जरा अडलं, पण काढला. शेवटी 'पंगत' उरला. त्यापुढे शून्य होतं, पहिल्या दिवसापासून शून्यच. कोणी शोधत नव्हतं, म्हणून पैसेही लागत नव्हते.

तिने जाहिरात पुन्हा चालू केली, तेवढ्या एका शब्दापुरती. तात्यारावांचं नाव, खाली त्यांचा नंबर. मग पंखा बंद केला, पदर सारखा केला आणि पिंगळीची गाडी गाठायला निघाली.