आधी गाणं, मग खिरापत

मंदाकिनीने टेबलाखाली वाकून नव्या डिस्कची वायर नरहरच्या कॉम्प्युटरला जोडली, पदर कमरेला खोचला आणि खुर्ची पुढे ओढून बसली. जुनी डिस्क आत टकटक करत होती. तो आवाज तिला इतका गोड लागला, की थोडा वेळ काहीच न करता तिने तो नुसता ऐकला.

"आठवडा झाला, असंच करून राहिली," नरहर तिच्या पाठीमागून म्हणाला. "मीच केलं असतं, पण डोळ्याचं ऑपरेशन झालं न. कुसुम म्हणे, वहिनीले बोलवा."

"बरं केलं," मंदाकिनी म्हणाली.

कुसुम तिची जाऊ, नरहर धाकटा दीर. रेल्वेतून रिटायर होऊन चौबे कॉलोनीत घर बांधून राहिलेला, आणि कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं असं मंडळात सांगत फिरणारा. या कॉम्प्युटरमध्ये त्याची वंशावळ होती: नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेबरोबर रायपुरात आलेल्या पूर्वजापासून थेट त्याच्या नातवापर्यंत. कोजागिरीला मराठी मंडळात तिचं प्रकाशन होतं. हार-नारळ, पाहुणे, पत्रिका, सगळं ठरलं होतं. वंशावळीत बायकांची नावं नव्हती. मंदाकिनीने एकदा विचारलं, तर म्हणाला, "वंश पुरुषांनी चालते, वहिनी." हो ना, बायका काय, आभाळातून पडलेली लेकरं सांभाळायला बसल्या होत्या!

"एकच प्रत आहे, भाऊजी? दुसरीकडे कुठं ठेवली नाही?"

"कायले पाहिजे दुसरी? कुछ नहीं होता, वहिनी."

अधिकाराने बोलायचं झालं की नरहर हिंदीत शिरायचा. तो बाहेरच्या खोलीत निघून गेला आणि ती पडद्याकडे बघत राहिली. कुछ नहीं होता. गेल्या वर्षी तिच्या तात्यापाऱ्यातल्या घरी बसून तो अगदी हेच बोलला होता.

तिचा कॉम्प्युटर सुस्त झाला म्हणून तो आपणहून आला होता. ती आत त्याच्यासाठी गिलक्याची भजी तळत होती, आणि बाहेर त्याने एका शब्दाने न विचारता आख्खी डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं. मग हात झटकत स्वयंपाकघरात आला, भजं उचललं आणि म्हणाला, "झाला नवाकोरा."

त्या डिस्कवर भुलाबाईची गाणी होती. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी मांडतात, गाणी म्हणतात आणि शेवटी बंद डबा हलवून आतली खिरापत नुसत्या आवाजावरून ओळखतात. खेळ विदर्भातला, पण रायपूरच्या बायकांनी गाण्यांत इथली खारून नदी घातली होती, महादेवघाट घातला होता, इथल्या भाज्या आणि इथल्या सासवा घातल्या होत्या. ती गाणी नागपुरात कोणाला येत नाहीत. मंदाकिनीने घरोघर हिंडून, म्हाताऱ्यांची मनधरणी करून ती रेकॉर्ड केली होती. मग मीराबाई गेल्या, पद्मिनीकाकू गेल्या, खुद्द सासूबाई गेल्या. आवाज तेवढे मागे राहिले होते, तेही नरहरने पुसले.

"माही गाणी कुठं आहेत?" तिने विचारलं तेव्हा त्याला आधी कळलंच नाही. मग तोंडातलं भजं सावकाश गिळून म्हणाला, "थे फालतू गाणे? यूट्यूबवर पडले असतील छप्पन."

समता कॉलोनीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने हात टेकले. वर नवं लिहिलं गेलंय, आता काही निघायचं नाही, म्हणाला. तेही तिने गिळलं असतं. पण गणपतीत, भर मंडळात नरहर बोलला, "आमच्या वहिनीले वाटते, भुलाबाई कॉम्प्युटरमंधी राहते." सगळे खो खो हसले. हसणाऱ्यांत ज्यांच्या आयांचे आवाज पुसले गेले तेही होते. त्या संध्याकाळपासून मंदाकिनीच्या पोटात निखारा होता आणि तिने तो विझू दिला नाही.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. तिनेही केला, पण चांगला भक्कम केला. प्रत ठेवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर रोज हिरवी खूण दाखवून 'प्रत झाली' म्हणायचं आणि परत मागितलं की हात वर करायचं. दुसरं नुसत्या फायली उचलायचं. कॉम्प्युटरच बसला तर बाकीचं सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिसरं वर्षाची वर्गणी मागायचं आणि सगळं कुठल्या कुठे परदेशात नेऊन ठेवायचं. तिथे आपल्या भुलाबाईला कोण विचारतो! शेवटी एक सापडलं. ते आख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायचं, एका फायलीत बंद करायचं, हवं तर कुलूप लावायचं, आणि मागितलं की मुकाट परत द्यायचं. आपली डिस्क पुन्हा पुन्हा रिकामी करून तिने त्याची परीक्षा घेतली होती. घेणारे पुष्कळ असतात, परत देणारा बघून ठेवावा, एवढं ती शिकली. आता मंडळातल्या बायका नातवंडांचे फोटो वाचवायला तिच्याकडे येत. नरहरची बायको कुसुमही तशीच आली होती.

पडद्यावर दोन डिस्क दिसत होत्या, सारख्याच मापाच्या, सारख्याच नावाच्या. वर विचारलं होतं 'कुठून', खाली विचारलं होतं 'कुठे'. इथे भले भले चुकतात. रिकामी डिस्क भरलेलीवर ओततात आणि जन्माची कमाई धुऊन बसतात.

मंदाकिनीने 'कुठून'मध्ये नवी, कोरी डिस्क निवडली. 'कुठे'मध्ये नरहरची. ती चुकली नव्हती.

कोण काय म्हणणार होतं? डिस्क आधीच टकटक करत होती. गेली हो बिचारी, असं म्हणायचं, हात झटकायचे आणि ताटातलं काहीतरी उचलून तोंडात टाकायचं. नरहर स्टेजवर उभा, गळ्यात हार, आणि दाखवायला काही नाही. ते चित्र तिने डोळ्यांपुढे चांगलं घोळवलं. पडद्याने विचारलं, खात्री आहे का? खात्री तर तिला वर्षभर होती. तिने माऊसवर बोट ठेवलं.

बाहेरच्या खोलीत दार वाजलं. शेजारच्या पोरींची भुलाबाई होती, तिथून कुसुम खिरापतीचा डबा घेऊन आली होती.

"ओळखा बरं काय आहे? झाकण नाही उघडायचं."

डबा हलवल्याचा आवाज आला. मग नरहरचा, "गूळ-दाणे. नाही, थांब... फुटाणे बी आहेत."

"अगं बाई! कसे बरोबर ओळखता हो तुम्ही!"

नरहर हसला. बोटांनी डब्यावर ताल धरून तो काहीतरी गुणगुणला, जेमतेम एक ओळ, आणि कुसुम काही बोलली तशी ओळ तिथेच राहिली.

मंदाकिनीचं बोट जागच्या जागी थांबलं. चाल सासूबाईंची होती. त्या पुसलेल्या रेकॉर्डिंगच्या शेवटी सासूबाई हसत हसत म्हणाल्या होत्या, "माह्या नरहरले समदे गाणे येतात, पोरींपेक्षा बी जास्त. खिरापतीसाठी पोरींत येऊन बसे. मी म्हणो, आधी गाणं, मंग खिरापत." पुढे शाळेतल्या पोरांनी चिडवलं आणि नरहरने भुलाबाईचं नावच टाकलं, असंही त्या म्हणाल्या होत्या.

तिने बोट उचललं. 'रद्द'वर नेऊन दाबलं. मग पर्समधून स्वतःची डिस्क काढून जोडली, नरहरच्या डिस्कच्या सी, डी आणि ई या तिन्ही भागांच्या, म्हणजे ड्राइव्हच्या, वेगवेगळ्या प्रती काढायला लावल्या आणि तिन्हींना कुलूप घातलं. किल्लीचा शब्द टाइप करताना तिला हसू आलं. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती.

जेवणं झाली तरी प्रत निघत होती. निघाली तशी तिने जुनी डिस्क काढून वर्तमानपत्रावर ठेवली, नवी आत बसवली, स्वतःच्या डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू केला आणि हाक मारली, "या भाऊजी. बसा."

पडद्यावर एक पांढरी चौकट पासवर्ड मागत होती.

"हे काय आहे?"

"तुमची प्रत. तिले कुलूप आहे. किल्ली भुलाबाईच्या गाण्यात आहे. खारून काठी केवडा, शेवटचं कडवं."

"काय पोरखेळ लावला, वहिनी?"

"पोरखेळच आहे. भुलाबाई पोरींचाच खेळ असते."

"मले नाही येत असले गाणे. तुम्ही टाका न. तुम्हीच तर ठेवलं."

"मी नाही टाकत."

"मंग मी जुनीच लावतो परत."

"लावा," मंदाकिनी म्हणाली. "मघाशी शेवटी शेवटी अडकून राहिली होती. मधातच बसली, तर मले नका विचारू. कुछ नहीं होता."

नरहरने वर्तमानपत्रावरच्या डिस्ककडे हात नेला आणि मागे घेतला. तोंड लाल झालं होतं. दारात कुसुम उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, जावेकडे पाहिलं, आणि सगळं समजून म्हणाली, "म्हणा न हो. कोजागिरी तोंडावर आली."

"कोणाले सांगायचं नाही," नरहर म्हणाला.

"मी कायले सांगू?" मंदाकिनीने मोबाइल उचलून त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. रेकॉर्डिंग सुरू होतं.

तो आधी पुटपुटला. एका ओळीवर अडला, मागे गेला, पुन्हा पहिल्यापासून धरलं. मग बोटं आपोआप टेबलावर ताल धरायला लागली आणि गळा मोकळा झाला.

*खारून काठी केवडा गं, केवड्याले आला वास,*
*भुलोजी गेले घाटावर, भुलाबाईले उपास.*

एवढं मंदाकिनीला येत होतं. पुढचं कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नव्हतं, वर्षभर आठवलं नव्हतं. नरहर थांबला नाही. डोळे मिटून, मान हलवत, आईच्याच हेलात म्हणत राहिला.

*उपास सोडू कशानं गं, दारी नाही तुळस,*
*माहेराच्या वाटेवर दिसे महादेवाचा कळस.*

त्याचे डोळे भरून आले. येऊ देत. मंदाकिनीने तिकडे बघितलंच नाही. मोबाइलवर आवाजाची रेघ वरखाली होत होती, ती बघत राहिली. तो गप्प झाल्यावर तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि चौकटीत काळे ठिपके उमटत गेले. कुलूप उघडलं.

"उघडलं!" कुसुम म्हणाली.

नरहरने चष्मा काढून डोळे पुसले. "आईनं शिकवलं होतं, वहिनी. मी विसरलो असंन असंच वाटे मले. त्या दिवशी तुमच्या घरी मी..."

"सी उघडलं," मंदाकिनीने त्याला पुढे बोलू दिलं नाही. "त्यात विंडोज आहे नुसतं."

"अन् वंशावळ?"

"ते ईमधे. उद्या डी उघडू. त्याले दुसरं गाणं लागते, मोठं आहे. मंग ई."

"अहो, पण कोजागिरी..."

"म्हणून तर म्हणते, घसा सांभाळा. आईचा नियम माहीत आहे न तुम्हाले?"

सीची प्रत नव्या डिस्कवर उतरली तशी तिने आपली डिस्क काढून पर्समध्ये टाकली. नरहर खुर्चीतच बसून राहिला. कुसुम तिला फाटकापर्यंत सोडायला आली आणि जाताना तिच्या हातावर गूळ-दाण्यांची पुडी ठेवली.

रिक्षात बसल्या बसल्या मंदाकिनीने दिराचा आवाज कानाला लावून ऐकला, आणि घर येण्याआधीच त्याची दुसरी प्रत काढली. ई ड्राइव्हचे घरी जाऊन बारीक तुकडे करायचे, असं तिने ठरवलं. प्रत्येकाला वेगळं कुलूप आणि प्रत्येक कुलपाला एक गाणं. गाणी पुष्कळ होती.

किल्ली मात्र सगळ्यांना एकच ठेवायची होती, आज ठेवली तीच. ती कुठल्याही गाण्यात नव्हती. तो शब्द नरहरनेच तिला दिला होता, गेल्या वर्षी, तोंडातलं भजं गिळून: फालतू.