फोटूला हार कुणी घातला?

विट्याकडचं गलाई कामगार म्हंजे सोनारांचं मोडकंतोडकं दागिनं भट्टीत वितळवून सोनं चोख करणारी माणसं. उद्या चंद्रावर सोनाराचं दुकान निघालं, तर त्याच्या मागल्या बोळात ह्यातलाच एक गडी उघडाबंब बसून भट्टी फुकत आसणार, आन तिथनंच संघटनेला फोन लावणार, "मालक सुट्टी देत न्हाई वो!"

त्या संघटनेचा सचिव भाऊसो. हापिस विट्यात, चहाच्या हाटेलावरच्या माळ्यावर. माणसं पार आसामापतोर पांगलेली. सभा घ्यायची म्हणली तर निम्मी रेल्वे लागंल. म्हणून सगळी संघटना भाऊसोच्या मोबाईलातल्या ग्रुपात कोंबलेली.

बयाबाई त्याच्या पुढ्यात बसली ती हटंनाच. तिचा ल्योक मल्हार सेलमला, तिकडं तमिळनाडूत भट्टीवर. सुट्टी मिळाली, गाडीत बसला, बायकोला फोन केला, "सोनिया, सकाळी मिरजंला उतारतो." सकाळ झाली. गाडी मिरजंला आली, रिकामी झाली, धुवायलासुदिक गेली. मल्हार उतारला न्हाई. फोन बंद. आज चवथा दिस.

"काकू, घाबरू नगा," भाऊसो म्हणला. "त्या वाटंवर हर टेसनाच्या गावात आपला माणूस हाय. फोटू टाकतो, आन सगळं तोंडी सांगतो. तासाभरात गावोगाव पोरं हुडकाय भाईर पडत्यात का न्हाई बगा."

त्यानं मल्हारचा फोटू टाकला. खाली चार मिन्टाचं बोलणं टाकलं: कंची गाडी, कंचा शर्ट, कुठं बगायचं, सगळं. बयाबाईला वाटलं, आता सगळा मुलूख माझ्या ल्योकाच्या मागं धावणार.

पर त्या ग्रुपात फोटू कवा पडायचा? कुणी मेलं तरच. येरवी सकाळचं फुलाचं चित्र, नायतर मालकाला शिव्या. आन भट्टीचा पंखा ढणाणा वाजत आसताना चार मिन्टाचं बोलणं कोण ऐकतंय? कोचीच्या एकानं फोटू बगितला आन हाताच्या सवयीनं लिवलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." बास! टोळधाड पडावी तशी श्रद्धांजली पडली. एका बहाद्दरानं तर मल्हारच्या गळ्यात हार घातला, फुडं समई लावली, वर दोन कबुतरं उडीवली.

भाऊसोनं धा बोटांनी लिवलं, "आरं, मल्हार जिवंत हाय! हुडका!"

खाली उत्तर आलं, "खरंय सचिवसायेब. अशी माणसं मनात कायम जिवंत असत्यात."

बयाबाई घरी आली तवर बातमी तिच्या आदी येऊन वसरीत बसलीवती. शेजारणीनं पिठलं-भाकरीची बुट्टी आणून ठेवलेली, मयताच्या घरी चूल पेटत न्हाई म्हणून. सोनिया कोपऱ्यात भितीला टेकून, कुकवाला हात लावून बसलेली, कुणी येऊन पुसंल म्हणून. तेवढ्यात बयाबाईची मायणीला दिलेली नणंद यस्टीतनं उतारली ती फाट्यापास्नंच गळा काडत आली. तिच्या गळ्यानं वाटंतल्या म्हशी दावी तोडून पळाल्या म्हणं.

"माझ्या वाघा रंऽऽ!"

"गप ए!" बयाबाई कडाडली. "तुझा वाघ हरीवलाय, मेला न्हाई. रडायचं तर भाईर जाऊन रड!"

तिनं चूल पेटीवली. मुद्दाम वली लाकडं घातली. धूर आसा निघाला की कऱ्हाडातल्या माणसांनी डोळं चोळलं. गावाला दिसू द्या, ह्या घरात चूल पेटलीया. पर धुराच्या आड नणंदंची नजर चुकवून तिनं पदर तोंडात कोंबला आन गुडघ्यात डोकं घातलं. खरंच गेला आसंल तर? येवढी माणसं लिवत्यात ती काय खुळी हायती?

"आत्या," सोनिया मागनं म्हणली, "तुमी रडताय?"

"धूर हाय गं." ती उठली. "चल, विट्याला."

भाऊसोच्या म्होरं उभी ऱ्हाऊन ती म्हणली, "तुझं लिवणं कुणी वाचंना, तुझं बोलणं कुणी ऐकंना. आता माझं थोबाड दाव त्यास्नी."

"काकू, व्हिडिओला एकाटायमी तीस-बत्तीसच माणसं बसत्यात. ग्रुपात आठशेच्या वर हायती."

"मग तीस-तीस करून बसीव. मला कुठं चंद्रावर जायाचंय?"

दुपारधरनं बयाबाई त्या मोबाईलाम्होरं बसली. पडद्यावर बारक्या बारक्या चौकोनांत तोंडं यायची. भट्टीनं भाजलेली, कुणी दाढी वाढीवलेला, कुणाच्या मागं देव टांगल्याला. तिला बघितलं की निम्मी हुंदकं द्यायची. ती वरडायची, "आरं, मी त्याची आय! त्यो मेला न्हाई, त्यो घावंना! तुमच्या गावच्या टेसनावर जा, दवाखान्यात जा, पोलीस ठाण्यात बगा!" कोण हुंदका गिळून टेसनाकडं निघायचा. कोण म्हणायचा, "मालक सोडत न्हाई वो, काकी." त्याला ती म्हणायची, "तुझ्या आयला बोलीव फोनवर, तिला इचारते." त्यो निमूट उठायचा.

घसा बसला. भाऊसोनं चहा दिला, त्यो तसाच गार झाला.

पाचव्या का सहाव्या घोळक्यात दावणगेऱ्याचा नानासो आला. त्यो मान वर करंना.

"काकी, आमच्या सरकारी दवाखान्यात रुळाकडंला घावलेला एक गडी आणलाय. चावाल्यानं सांगितलं. बोलत न्हाई म्हणं. मी बगायला निघालोच व्हतो, पायात चप्पल घातलीवती. तवर ग्रुपात श्रद्धांजली आली. म्हटलं, वळखलं आसंल कुणीतरी. म्हणून… चप्पल काडली."

बयाबाईनं त्याला शिवी दिली न्हाई. शिवीलासुदिक अंगात जोर लागतो. "आता घाल," येवढंच म्हणली.

नानासो फोन चालू ठिवून पळाला. पडद्यावर रस्ता, रिक्षा, पायऱ्या. वॉचमन कन्नडात आडवा आला, नानासो त्याच्यावर चढला. लांब व्हरांडा. सोनियानं बयाबाईचं मनगाट आसं धरलं की बांगडी रुतली. खाट आली. चादर. डोक्याला पट्टी.

"म्होरं व्हय की रं," बयाबाई पुटपुटली. "तोंड दाव."

नानासोनं फोन वाकडा केला.

मल्हार न्हवता. भुऱ्या केसांचा एक पोक्त बाप्या व्हता, कुणाचा कोण.

सोनिया तिथंच खाली बसली. भाऊसोनं तोंड फिरीवलं. बयाबाई मातर बघतच ऱ्हायली. त्या बाप्याचं सुकलेलं व्हट हालत व्हतं, आवाज न्हवता. आपला न्हाई म्हणून तिला त्याचा राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली.

"नानासो," ती म्हणली, "नर्सला इचारून त्याचं व्हट वलं कर. आन सारखं सारखं नाव इचार त्याला. त्याचीबी कोणतरी चूल फुकत बसली आसंल."

"व्हय, काकी."

"आन त्याला एकला सोडू नगंस."

मग ती भाऊसोकडं वळली. "फुडली माणसं लाव."

"काकू, जरा पाणी तरी…"

"लाव म्हणते न्हवं!"

चौकोन परत भरलं. येका चौकोनात भट्टीवरचा एक उघडाबंब गडी तिला बघून रडायला लागला, हात जोडून. बयाबाई पडद्याजवळ वाकली. तिचा आवाज आता निस्ता वारा झालावता.

"रडायचं मागनं बगू, लेका," ती म्हणली. "आदी कापडं घाल आन टेसनावर जा."