तित्तर छापाचा पिवळा

खाजा मियांनी आपल्या रंगखडूंच्या कारखान्याचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यात माझी सगळी नोकरी सरली. वाचलं पुष्कळ, पण लिहिलं ते फक्त ‘कृपया पाने दुमडू नयेत’ एवढंच. तेही कुणी मनावर घेतलं नाही.

पण त्यांची नात जुलेखा घरी आली आणि कपाटाला टेकून उभी राहिली. म्हणाली, “विश्वंभरकाका, तुमी लिहा. दादाचं कुनी ऐकून न्हाई राहिलं, तुमचं ऐकतील.” आजोबांना ती दादा म्हणते. माझं कुणी ऐकतं असं तिला का वाटलं, हे मला अजून उमगलेलं नाही. नाही म्हणायचं मात्र राहून गेलं.

गोष्ट अशी होती की खाजा मिया भट्टी बंद करायला निघाले होते. मोठ्या कंपन्यांचे चकचकीत डबे आता किराणा दुकानातही टांगलेले असतात, तित्तर छाप खडू कोण विचारतो, असं त्यांचं म्हणणं. जुलेखाने भांडून एक शेवटची संधी मिळवली. लहान लेकरू खडू आधी तोंडात घालतं आणि मग कागदावर फिरवतं, म्हणून तिने नुसत्या हळदीचा पिवळा तयार केला होता. मेण कमी, हळद जास्त. बोट लावलं तरी रंग यायचा. पुसेगावच्या शाळेतल्या पल्लवी मॅडमनी मुलांना चित्रं काढायला एक भिंत देऊ केली. मुलांनी खडू आपणहून पुन्हा मागितले तर भट्टी चालू राहणार, नाही तर मेणाची कढई भंगारात जाणार. आजा-नातीत तसं ठरलं. खाजा मियांचा शब्द म्हणजे ओतलेलं शिसं. आणि कार्यक्रमाला वजन यावं म्हणून इतिहास मी वाचायचा.

इतिहास मात्र झकास होता, त्यात माझं श्रेय काही नाही. पहिले खडू दर्ग्यात जळून उरलेल्या मेणबत्त्या वितळवून झाले. त्यांना लोबानचा वास यायचा, आणि चित्र काढता काढता मुलांना झोप यायची. साचे नव्हते, म्हणून मोडक्या छत्र्यांच्या पोकळ दांड्या कापून त्यांत मेण ओतलं. एका दांडीची मूठ कापायची राहिली, तर निळा खडू टोकाला वाकडा निघाला. तो घेण्यासाठी दोन भावांची मारामारी झाली. डबीवर मोर हवा होता. पण हिंगोलीच्या छापखानेवाल्याच्या हिशोबाने पिसारा डबीवर मावेना. त्याने तो छाटून टाकला. उरला तो तित्तर.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं प्रवासी जीपने पुसेगावला पोचलो. पाहुणे येणार म्हणून शाळेच्या सटवाजी शिपायाने त्या सकाळीच भिंतीला चुन्याचा आणखी एक हात मारून ठेवला होता. भिंत बगळ्यासारखी दिसत होती. धाकटी मुलं खडू घेऊन तिच्यावर तुटून पडली, थोरली समोर मांडी घालून बसली, आणि मला भिंतीकडे पाठ करून उभं केलं.

पहिल्या ओळी मी मान वर न करता वाचल्या. पण छत्रीच्या मुठीपाशी मुलं हसली, तित्तरापाशी तर फारच हसली. आपल्याला जमतंय की काय, अशी शंका आली.

मग मी वाचलं, “पुढे मेण महाग झाले.” मुलं खो खो हसली.

यात हसण्यासारखं काय होतं? मी सदऱ्याची बटणं चाचपली. ती बरोबर लागलेली होती. घाईने पुढचं वाक्य घेतलं, तर हशा वाढला. खाजा मियांच्या आजारपणाचा परिच्छेद आला, तेव्हा मुलं एकमेकांच्या अंगावर लोळू लागली आणि पल्लवी मॅडमनी पदर तोंडाला लावला. आपण लिहायलाच नको होतं, हे आता नक्की झालं. मी एक एक पाऊल मागे सरकत भिंतीला टेकलो आणि उरलेला इतिहास एका दमात संपवला. मान वर केली, तर जुलेखाचा चेहरा चुन्यापेक्षा पांढरा पडला होता. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

मी वळून पाहिलं. भिंतीवरचे सगळे पिवळे सूर्य लाल होत होते. सूर्यच काय, केळी लाल, पिवळा बेडूक लाल, कुणाचा तरी पिवळा मामा डोक्यापासून खाली लाल होत चाललेला. एक मुलगा हात जोरजोरात घासून मामाला पुन्हा पिवळा करायला बघत होता, आणि मामा आणखीच लाल होत होता.

हळद आणि ओला चुना. आमच्याकडे पाय मुरगळला की घरोघरी हाच लेप लावतात, आणि तो लाल झालेला प्रत्येकाने पाहिलेला असतो. जुलेखाने, मी, सटवाजीने, मॅडमनी, सगळ्यांनी.

जुलेखा कशीबशी म्हणाली, “बिघडलं, दादा. कढई देऊन टाका.”

खाजा मिया भिंतीकडे पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडत आहेत, म्हणून मी पाण्याचा तांब्या उचलला. “हर थंडीत मी गुडघ्याला हेच लावून राहिलो,” ते कसेबसे म्हणाले, “आताबी लावलेलं हाय.” आणि त्यांनी पायजमा वर करून लालभडक गुडघा दाखवला. मग मात्र तिथे कुणाचाच आवाज कुणाला ऐकू येईना.

त्या गोंधळात कोमल नावाची एक मुलगी त्यांच्यापुढे येऊन हात पसरून उभी राहिली. “आजोबा, पिवळा द्या. आमच्या घरी चुन्याची भिंत हाय.”

खाजा मियांनी डोळे पुसले आणि चेहरा कडक केला. “हा खडू खरा न्हाई, पोरी. पिवळा म्हून दिला न् लाल झाला. दुकानातला काहून न्हाई घेत?”

“तो पिवळाच राहतो,” कोमल म्हणाली.

तिच्या मागे सगळी शाळा हात पसरून उभी होती. खाजा मियांनी एकदा जुलेखाकडे पाहिलं, एकदा गुडघ्याकडे. मग पायजमा खाली ओढत नातीला म्हणाले की घरी गेल्यावर कढई घासून ठेव, उद्या भट्टी पेटवायची आहे. जुलेखाने उरलेले सगळे खडू वाटून टाकले, आणि रिकामी डबी सटवाजीने मागून घेतली.

परतीच्या जीपमध्ये मी पुढे बसलो होतो. मागच्या बाकांवरच्या प्रवाशांत खुसखुस सुरू झाली. जुलेखाने सांगितलं की भिंतीला टेकलो तेव्हा एक अख्खा सूर्य माझ्या पाठीवर उमटला आहे, किरणांसकट.

या वेळी लोक मलाच हसत होते, यात शंका नव्हती. अगदी मागे बसलेल्या एका म्हातारीला नीट दिसत नव्हतं, म्हणून मी जरा पुढे वाकलो.