उकळतं पाणी

"पातेलं मागतोस? आज, दसऱ्याच्या दिवशी?" शोभाताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर आल्याच नाहीत. "अन् त्यात हे गाडीचं लोखंड उकळणार?"

"नवा आहे, बाईसाहेब. तेल नाही लागलं त्याले. कढत पाण्यात उघडते का, तेवढंच पाहाचं हाय."

ड्रायव्हर धोंडबाच्या मागे, नागपुरातल्या महाल भागातल्या त्या घराच्या अंगणात, अँबॅसिडर तोंड वासून उभी होती. आठवडाभर ती तापत होती. इंजिनच्या माथ्यावर एक थर्मोस्टॅट असतो, ड्रायव्हर लोक त्याला वॉल म्हणतात. इंजिन गार असलं की तो मिटलेला, तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारा. जुना मिटलेलाच अडकला होता. नागपूरच्या उन्हात असले वॉल लोक काढून फेकूनच देत. धोंडबानंही तेच सुचवलं होतं. पण मालक दत्तोपंतांनी नवा आणून हातावर ठेवला. "कंपनी मूर्ख आहे का? बसव. गाडी चालली की दुपारी ने तुझ्या आईला दीक्षाभूमीवर. शब्द दिला म्हणजे दिला."

शोभाताईंनी पातेलं दिलं नाही. "डबा धर, वरून ओतते," म्हणाल्या. डालड्याचा गंजका डबा धोंडबानं खाली धरला. वीतभर उंचावरून धार पडली. गंजक्या पत्र्यात पडेपर्यंत पाण्याचा जीव गेला. वॉल मिटलेलाच.

"जरा उकळतं पाहिजे होतं बाईसाहेब..."

"पुरण चढवलंय आता. काही मिळायचं नाही."

याच बाईला कळा सुरू झाल्या तेव्हा धोंडबानं गाडी अशी हाकली होती की पोटातलं पाणी हललं नव्हतं. त्याच्या खांद्याचा आधार घेऊन ती गाडीत चढली. खांद्याला तेव्हा जात नव्हती. पातेल्याला होती, धर्म बदलून अठरा वर्षं झाली तरी.

दत्तोपंत झेंडूची माळ आणि हळदकुंकू घेऊन आले. दसऱ्याला गाडीची पूजा. "झालं का रे?"

"साहेब, वॉल तपासणं नाही झालं. आजच्यापुरती विनावॉलची चालवू द्या ना."

"नव्या कोऱ्या वस्तूचं काय तपासायचं? बसव म्हटलं ना!"

तुमच्या घरानं मला उकळतं पाणी दिलं नाही, हे वाक्य धोंडबाच्या दातांपर्यंत आलं. पण त्याच दातांखाली आईची दुपार होती. त्यानं बोल्ट आवळले, पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. इंजिन तापायच्या आतच दत्तोपंतांनी जरासं ऐकलं. "बघ! बंद कर आता. पेट्रोल फुकट येतं?" आणि माळ घातली.

इंदोऱ्याच्या वस्तीत धोंडबाची आई, रुखमाबाई, सकाळपासून पांढरं लुगडं नेसून दारात बसली होती. छप्पन साली दीक्षेला ती पायी गेली होती, लेकाविना. धोंडबाला तेव्हा याच घरानं सुट्टी दिली नव्हती. साहेबांना सोनं वाटत फिरायचं होतं. पुढेही दर दसऱ्याला तेच. आता तिचे गुडघे संपले होते. "मराच्या आंधी एक डाव तुयासंग जातो, बापू," एवढंच तिचं मागणं.

"मले मांगं काहून बसवतं? साहेबीण हाय का मी?"

"आज हायेस, माय."

ती हसली. पदर सावरून ताठ बसली.

सीताबर्डी ओलांडली तेव्हा रस्ता माणसांनी पांढरा झाला होता. गाडी मुंगीच्या चालीनं सरकत होती. तापमानाचा काटा चढला. धोंडबानं गाडी कडेला घेईस्तोवर बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला, झेंडूची माळ होरपळली. इंजिन निवल्यावर त्यानं तेल पाहिलं. दुधासारखं पांढरं. तेलात पाणी शिरलं होतं. इंजिन गेलं.

गर्दीतली दोन पोरं थांबली. "आजी, चाला, खांद्यावर नेतो."

"याच्याबिगर नाही जात मी."

"तुमीबी चाला ना काका!"

"मालकाची गाडी टाकून कसा येऊ गा?" धोंडबा म्हणाला. पायात बेडी नव्हती. कुणी पाहतही नव्हतं. पण बावीस वर्षं दुसऱ्याची गाडी राखलेल्या माणसाला बेडी लागत नाही. पोरं निघून गेली.

त्यानं बोल्ट सोडले. वॉल काढला. रस्त्याकडेला प्रेमिला नावाची बाई येणाऱ्याजाणाऱ्यांना फुकट चहा पाजत होती. धोंडबा चुलीपासून चार हात लांब उभा राहिला, सवयीनं.

"काय पाहून राहिले, दादा?"

"उकळतं पाणी पाहिजे होतं. हे टाकाले."

"मंग टाका ना! इचारता काय? पातेलंच तं हाय."

तिनं चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं. पाणी खळाखळा उकळत होतं. धोंडबानं वॉल आत सोडला आणि वाकून पाहत राहिला.

"उघडलं का रे?" गाडीतून रुखमाबाईनं विचारलं.

"पाहून राहिलो, माय."

"पाहाय मंग." तिनं काच खाली केली. माणसं जिकडे चालली होती तिकडे तोंड केलं आणि बसल्या जागेवरून हात जोडले.

"दादा, चहाचं आधण ठेवाचं होतं," प्रेमिला म्हणाली.

"थांब वं बाई, अजून थोडं."

पाणी उकळून उकळून अर्धं झालं. वॉल तळाशी खडखडत होता, घट्ट मिटलेला. धोंडबानं पातेलं उतरवू दिलं नाही.